बांजोसाठी नेलेली कातडी

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर वडिलांच्या हाताखाली कातडी घासायला बसले, ती लग्न होईपर्यंत. आम्ही मिरजेचे. तबला, ढोलकी, दिमडी, डफ, जे काही कातड्यावर वाजतं ते आमच्या घरातून मढवून जायचं. सासरही त्याच धंद्यातलं. मुलगा मात्र शिकला, खूप शिकला, आणि अमेरिकेत ॲन आर्बरला विद्यापीठाच्या लॅबमध्ये लागला. तिथले मराठी लोक मला विचारायचे, "काकू, तुमच्या माहेरी काय असायचं?" मी तोंड उघडायच्या आत मुलगा सांगायचा, "वाद्यांचा व्यवसाय होता." खोटं नव्हतं ते. पण कातडं हा शब्द त्यानं त्या लोकांसमोर कधी काढला नाही, आणि मीही काढला नाही. लेकाच्या घरी राहायचं तर त्याच्या रीतीनं.

पहिल्यांदा गेले ती २००१ च्या उन्हाळ्यात. मुलगा आणि सून सकाळी बसनं निघून जायचे, मी घरात एकटी. टीव्ही कळायचा नाही. दुपारी शेजारच्या गराजमधून एक आवाज यायचा. ठक् म्हणून आघात आणि त्यामागून तारेचा टणत्कार. आघात कातड्यावरचा आहे हे मला भिंतीपलीकडूनही कळलं. प्लॅस्टिकचा आवाज कोरडा असतो, कातड्याच्या आवाजाला पोट असतं. चार दिवस ऐकलं आणि पाचव्या दिवशी सरळ गेले.

आत सत्तरीचा एक गोरा म्हातारा स्टुलावर बसला होता. मांडीवर वाद्य. आपल्या दिमडीला लांब दांडा लावावा आणि वर पाच तारा ओढाव्यात, तसं. मागून उघडं. दिमडीसारखंच, आत हात घालता येईल असं. बांजो म्हणतात त्याला. चार तारा पूर्ण लांबीच्या, पाचवी अर्ध्या दांड्यातूनच निघालेली. वाजवायची तऱ्हाही निराळी. हाताचा पंजा पक्ष्याच्या पायासारखा आखडून धरायचा, तार वर खेचायची नाही, नखाची पाठ वरून खाली मारायची आणि अंगठ्यानं ती आखूड तार मधेमधे छेडायची. म्हाताऱ्याचं एक नख त्यासाठी वाढवलेलं होतं. हे बांजो तो स्वतः करायचा. लाकडाच्या पट्ट्या वाफवून वाकवायच्या, चिकटवून कडं करायचं, दांडा दोन मुठींच्या रंध्यानं तासायचा. त्याचे आईवडील दक्षिणेकडच्या डोंगरातून मोटारींच्या कारखान्यात कामाला आलेले. वाद्य त्यांच्याबरोबर आलं. हे सगळं मला पुढं मुलानं सांगितलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की कातडं ढिलं पडलंय आणि म्हातारा ते पेटलेल्या दिव्यापाशी धरून शेकतोय.

मी त्याच्या हातातून बांजो काढून घेतला. कातडं जाड होतं आणि वाकडं बसवलं होतं. जनावराच्या पाठीच्या कण्याची एक रेघ कातड्यावर दिसते. ती रेघ मधोमध, दांड्याच्या सरळ रेषेत यायला हवी. त्याची गेली होती भलतीकडे. मी बोटानं रेघ दाखवली, मग दांडा दाखवला. तो बघत राहिला. मग त्यानं पाना आणला आणि एकेक हूक सोडवायला लागला. त्या दुपारी आम्ही ते कातडं भिजवून परत बसवलं. एकमेकांचा एक शब्द कळला नाही आणि एका शब्दाची गरजही पडली नाही.

मी त्याला भाऊ म्हणायचे. त्याला वाटलं ही हाक मारायची पद्धतच आहे. तोही मला भाऊ म्हणायला लागला. "भाऊ! कम, कम!" मुलगा पोट धरून हसला. म्हणाला, "आई, आता तू त्याचा भाऊ झालीस."

एका रविवारी मुलगा मधे बसून आमचं बोलणं इकडचं तिकडे करत होता. म्हणाला, "तो म्हणतोय, बकरीचं पातळ कातडं हल्ली मिळतच नाही. सगळे प्लॅस्टिक लावतात. जुनं गाणं वाजवणाऱ्यांना कातडंच हवं असतं."

"त्याला सांग, पुढच्या खेपेला मी आणते."

"आई, तो आपला सहज बोलला."

"मी सहज नाही बोलत."

त्यानं ते सांगितलं की नाही देव जाणे. पुढं तो विसरून गेला. मी नाही विसरले.

मी परत आले आणि त्याच पावसाळ्यानंतर तिकडे ते सगळं घडलं. विमानं, आणि त्यामागून पत्रांतून पाठवलेली पांढरी पूड. मिरजेत आमच्या टीव्हीवरसुद्धा दिवसभर तोच एक शब्द, अँथ्रॅक्स. मला वाटलं काहीतरी नवं विष असेल. एकदा बातम्यांत डॉक्टर मराठीत सांगत होता, की हा जनावरांचा जुना रोग, आपल्याकडे याला काळपुळी म्हणतात. मी हातातलं काम ठेवून दिलं. काळपुळी मला ठाऊक होती. माझा चुलता तिनंच गेला. मानेवर पुळी आली, मधे काळी पडली, दुखत नाही म्हणून तो हसण्यावारी नेत होता. चौथ्या दिवशी मान सुजली. दुपारी माझ्यासमोर बसून भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या सकाळी उठलाच नाही. त्याआधी त्यानं गोठ्यात मेलेल्या बकरीचं कातडं सोललं होतं. तेव्हापासून वडिलांनी घरात नियम केला. आपसूक मेलेल्या जनावराचं कातडं घ्यायचं नाही. घेताना गळ्याकडची कड बघायची. कापलेल्या बकरीच्या कातड्यावर सुरीची रेघ असते. रेघ नसली तर परत करायचं, कितीही चांगलं असलं तरी.

दुसऱ्या वर्षी सुनेला दिवस गेले. बाळंतपणाला मी जायचं ठरलं. जाताना मिरजेतल्या माझ्या सख्ख्या भावाकडून पाच कातडी घेतली, वडिलांमागे धंदा तोच बघायचा. चार चुन्यातून काढून घासलेली, स्वच्छ. पाचवं नुसतं वाळवलेलं, केसांसकट. भाऊ म्हणाला, "वेळ नाही उरला. तिकडे जाऊन तू काढ केस." मी ते उजेडात धरलं. इतकं पातळ, इतकं एकसारखं कातडं मी वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं. गळ्याकडची कड बघितली. सुरीची रेघ नव्हती.

भावाला विचारलं, "हे कुठलं?"

"कत्तलखान्यातलं. अजून कुठलं असणार?"

त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलं होतं. पण कातडं फार सुंदर होतं आणि म्हाताऱ्याचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता. पाचही कातडी वर्तमानपत्रात गुंडाळली, त्यावर गोधडी, आणि बॅगेत मेतकुटाच्या डब्याखाली घातली. मुलाला फोनवर काही बोलले नाही.

विमानात शेजारच्या मुलीनं माझा कागद भरून दिला. "काकू, मीट, लेदर, ॲनिमल्सचं काही आहे का बॅगेत?"

"लाडू आहेत."

ती हसली आणि तिनं 'नाही'वर खूण केली.

तिकडे पोचले तर सगळं बदललेलं. मुलाच्या लॅबमध्ये जंतू वाढवायचे, औषधं शोधायला. पूर्वी तो त्याबद्दल कौतुकानं सांगायचा. आता सांगायचा ते निराळंच. कुठली बाटली कुठल्या फ्रिजमध्ये आहे ते रोज लिहून द्यावं लागतं. बाहेरच्या देशातल्यांचे कागद पुन्हा मागितलेत. बसमध्ये त्याच्या शेजारची सीट रिकामी राहते. त्याचा व्हिसा नोकरीवर, सुनेचा त्याच्यावर, आणि माझा म्हटलं तर पाहुणीचा. "आई, कुणाशी जास्त बोलू नकोस," तो म्हणाला. मी कुणाशी बोलणार होते? मला इंग्रजी येत नव्हतं.

दोघं कामाला गेल्यावर मी कातडी घेऊन म्हाताऱ्याकडे गेले. त्यानं पहिलं कातडं उजेडात धरलं. नुसता "भाऊ, भाऊ" करत राहिला. मी पाचवं शेवटी दाखवलं. ते त्यानं गालाला लावलं. मी ते हिसकून घेतलं. का हिसकलं हे तेव्हा माझं मलाही धड सांगता आलं नसतं.

पाचव्याचे केस आम्ही दोघांनी मिळून काढले. रीतीप्रमाणे आधी चुन्याच्या पाण्यात चार दिवस ठेवायला हवं. पण कडा फार वाळल्या होत्या, त्या पाण्यात बसेनात, म्हणून आधी कडांचे केस कोरडेच खरवडले. गराजचं दार थंडीमुळे बंद. केस आणि धूळ हवेत उडत होती. त्याच्या उजव्या मनगटावर तारेचं टोक लागून ओरखडा पडलेला होता, तो मी बघितला. बघितला आणि केस खरवडायची रापी चालवत राहिले.

आठवड्यानं कातडं बांजोवर चढलं. ओलं असताना जोर करायचा नसतो. नट हातानंच फिरवायचे, मग दोन दिवस सावलीत ठेवून थोडं थोडं आवळायचं. एका बुधवारी मी ते बघायला गेले, तर म्हाताऱ्यानं मनगट पुढं केलं आणि दोन बोटं टेबलावर कोळ्यासारखी चालवून दाखवली. हसत होता. म्हणाला, "स्पायडर. डॉक्टर." कोळी चावला, डॉक्टरनं मलम दिलंय.

मनगटावर रुपयाएवढी जखम होती. कडेनं फोडांची माळ, आणि मधे काळं. कोळशासारखं काळं, खोल गेलेलं. मी बाजूला बोटानं दाबून बघितलं आणि तोंड वाकडं करून विचारलं, दुखतं का? त्यानं मान हलवली. नाही. जराही नाही.

मी टेबल धरलं. दुखत असतं तर बरं झालं असतं.

मी घरी आले आणि कुणाला काही सांगितलं नाही. हे आता लिहिताना मला पळवाट काढायची नाही. बुधवारचा उरलेला दिवस मी गप्प बसले, गुरुवारचा सगळा दिवस गप्प बसले. खिडकीशी उभी राहून स्वतःचे हात बघायचे. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, कोपरं. डेटॉलनं हात धुवून धुवून सालं निघाली. स्वयंपाकाला हात लावेना. सून आठ महिन्यांची पोटुशी, तिनं माझा हात धरला की मी झटकून घ्यायचे. ती नागपूरची, सरळ बोलणारी. "आई, काय होऊन राहिलं तुम्हाला? दोन दिवस झाले, पोळ्या नाही केल्या, माझ्याकडे बघून नाही राहिल्या. माझं काही चुकलं का?"

"हात दुखतात."

"मग डॉक्टरकडे चला ना."

"नको."

माझं डोकं एकाच गोष्टीभोवती फिरत होतं. मुलगा जंतूंच्या लॅबमध्ये. परदेशी. सावळा. आणि त्याच्या शेजाऱ्याला तो रोग, ज्याचं नाव या देशातलं शाळेतलं पोरसुद्धा घाबरून घेतं. कोण म्हणेल की म्हातारीनं बकरीच्या कातड्यातून आणला? दारात गाड्या येतील, मुलाला घेऊन जातील, सुनेचं बाळंतपण कुठल्या देशात होईल कुणास ठाऊक. मग दुसरं मन म्हणायचं, कदाचित कोळीच असेल. इथले डॉक्टर मूर्ख थोडेच आहेत. अमेरिकेतले कोळी मी कुठं बघितलेत? असं म्हणून मी पाच मिनिटं बरी असायचे, आणि मग चुलता भाकरी मोडताना दिसायचा.

शुक्रवारी सकाळी खिडकीतून बघितलं. म्हातारा कचऱ्याचा डबा डाव्या हातानं ओढत रस्त्यापर्यंत नेत होता. उजवी बाही कोपरापर्यंत कापलेली. हात दुधीसारखा फुगलेला. डबा सोडून तो मधेच खाली बसला, बर्फाळ गवतावर, आणि बराच वेळ उठला नाही.

मुलगा बूट घालत होता. मी त्याच्या समोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. पाच कातडी, गोधडी, सुरीची रेघ, कोरडे केस, चुलता, काळं.

त्यानं हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाला, "कातडी? तू माझ्या घरात कातडी आणलीस?"

"हो."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर तू आणू दिली असतीस का?"

"आई, तुला कळतंय का मी कुठं काम करतो? आमच्याकडे जंतूच वाढवतात गं. तो नाही, पण जंतूच. गेल्या वर्षी लॅबमधल्या प्रत्येकाला बोलावून विचारलंय. आता मी जाऊन सांगू, की माझ्या शेजाऱ्याला अँथ्रॅक्स झालाय आणि तो माझ्या आईनं बॅगेतून आणला?" शेवटचं वाक्य तो कुजबुजत बोलला. घरात आम्ही तिघंच होतो, तरीही.

"मग काय करायचं?"

"डॉक्टरनं बघितलंय ना त्याला. स्पायडर म्हणालेत. तू डॉक्टर आहेस का?"

"नाही. पण मी एक मेलेला बघितलाय."

सून दाराशी उभी होती. कधी आली कळलं नाही. एक हात पोटावर. ती मुलाला म्हणाली, "गाडी काढ. आधी त्यांना हॉस्पिटलला घेऊन चल. बाकीचं मग बघू."

"तू येऊ नकोस," मुलगा म्हणाला.

"मी कशाला येऊ? आईंना घेऊन जा. त्यांनाच माहीत आहे सगळं."

म्हाताऱ्याला उठवून गाडीत घातलं. अंग तापलेलं. तरी म्हणत होता, ओके, ओके. मी मागच्या सीटवर त्याच्या शेजारी बसले, अंग चोरून. मला त्याची भीती वाटत होती. ज्या माणसाला मी हे दिलं, त्याच्याच अंगाला माझं अंग लागू नये म्हणून मी दाराला चिकटून बसले होते.

इमर्जन्सीत आम्हाला एका लहानशा खोलीत नेलं. तरुण डॉक्टरीण आली. हात बघितला, कपाळाला आठी घातली. म्हाताऱ्यानं पुन्हा बोटांचा कोळी चालवून दाखवला. डॉक्टरीण मुलाकडे वळून काहीतरी बोलली. मुलगा मला म्हणाला, "विचारतेय, आपल्याला काही माहीत आहे का."

"सांग तिला. बकरीचं कातडं. मिरजेहून आणलं. मेलेल्या बकरीचं असणार. केस कोरडे काढले. काळपुळी आहे ही."

तो इंग्रजीत बोलायला लागला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. इंग्रजी येत नसलं तरी मला थोडे शब्द माहीत होते. बकरीला गोट म्हणतात हे माहीत होतं. इंडिया माहीत होता. आणि तो एक शब्द तर सगळ्या जगाला माहीत होता. मी तो ऐकायला कान लावून बसले. मुलगा बोलत होता, नीट, शांतपणे, हात खिशात घालून. गोट आला नाही. इंडिया आला नाही. स्पायडर दोनदा आला. डॉक्टरीण मान डोलावत लिहीत होती. तिनं वही मिटली.

मला लेकाची मान दिसत होती. घामानं कॉलर भिजली होती. एवढ्या थंडीत.

मी उठून उभी राहिले. छातीवर हात ठेवून म्हटलं, "मी. इंडिया. गोट." मग हवेत बॅग उचलून आणल्याचं दाखवलं, म्हाताऱ्याच्या मनगटाकडे बोट केलं आणि म्हटलं, "अँथ्रॅक्स."

डॉक्टरीण एक पाऊल मागे सरकली. म्हातारा कॉटवरून माझ्याकडे बघत होता. मुलानं डोळे मिटले. डॉक्टरिणीनं जाऊन खोलीचं दार लावलं, आपल्या हातातले मोजे बदलले आणि मुलाला एकच शब्द विचारला. त्यानं खिशातले हात बाहेर काढले. मग त्यानं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. या वेळी गोट आला, इंडिया आला, अंकलही आला. म्हणजे चुलत्यापर्यंत सगळं सांगितलं.

म्हाताऱ्याला लगेच सलाइनमधून औषध सुरू झालं. आम्हाला त्या खोलीतून चार तास बाहेर सोडलं नाही. मग सरकारी माणसं आली. ती ओरडली नाहीत. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तोच प्रश्न सहा तऱ्हांनी विचारायची आणि दर वेळी लिहून घ्यायची. एका बाईनं फोनवरून मराठी बोलणारा माणूस जोडून दिला, म्हणजे मुलाला मधे बोलता येऊ नये. त्या आवाजानं मला विचारलं, "तुमच्या मुलाला कातड्याबद्दल कधी कळलं?" मी सांगितलं, आज सकाळी. "त्यानं डॉक्टरला लगेच सांगितलं का?" मी सांगितलं, त्याच्याच तोंडून सगळं सांगून झालंय. एवढं एक मी वाकवलं. बाकी सगळं जसंच्या तसं.

पांढरे अंगरखे घातलेल्या माणसांनी गराज प्लॅस्टिकनं बंद केलं. आमच्या घरातून बॅग गेली, गोधडी गेली, मेतकूटसुद्धा गेलं. गराजमधून त्यांनी सगळी कातडी नेली, रंधे, रापी, कडी, आणि तयार असलेले सात बांजो. प्रत्येक बांजो वेगळ्या पिशवीत. मी खिडकीतून मोजले. मला आणि म्हाताऱ्याला दोन महिने गोळ्या दिल्या. सुनेला द्यायच्या की नाही यावर डॉक्टर दोन दिवस बोलत होते. ते दोन दिवस मी जेवले नाही. शेवटी नको म्हणाले, तिनं कातड्याला हात लावलेला नव्हता. मराठी मंडळींचे फोन बंद झाले. एक बाई सुनेच्या डोहाळजेवणाची भांडी परत न्यायला आली, ती दारातूनच घेऊन गेली. मुलाला लॅबनं घरी बसवलं. दोन दिवस कुठल्याशा ऑफिसात बोलावून विचारलं, आणि पुढं तीन आठवडे काहीच कळवलं नाही. तो दिवसभर सोफ्यावर बसून राहायचा. गाडीचा आवाज आला की उठून पडद्याआडून बघायचा. मीही बघायचे. आम्ही दोघं दोन खिडक्यांशी उभे असायचो आणि बोलायचो नाही.

तपासणीत काळपुळीच निघाली. त्या पाचव्या कातड्यातच निघाली, बाकी चार स्वच्छ होती. मुलाच्या लॅबशी त्याचा काही संबंध नाही असं कागदावर आलं आणि त्याला कामावर परत घेतलं. त्यानं मला तो कागद वाचून दाखवला, शब्दन् शब्द मराठी करून, आणि घडी घालून खिशात ठेवला. पुढं कितीतरी दिवस तो खिशातच असायचा.

सुनेला मुलगी झाली, सुखरूप. मी तिला महिनाभर हातमोजे घालून उचलायचे. डॉक्टर नको म्हणाले होते, तरी.

म्हातारा तीन आठवड्यांनी घरी आला. मी त्याच्याकडे गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार? फेब्रुवारीत एका दुपारी तोच आला. बारीक झालेला. मनगटावर खोल खड्डा, कातडी तिथं ताणून शिवल्यासारखी. घरात आला नाही, पायरीवरच उभा राहिला. मुलाला म्हणाला, हिला एक विचारायचंय.

मुलगा माझ्याकडे वळला. "आई, तो विचारतोय, तुला कधी कळलं? पहिल्यांदा जखम बघितलीस तेव्हाच?"

माझ्या मनात आलं, आता हा पुन्हा काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेईल. त्याला ते येतं. मी म्हटलं, "सांग, हो. बुधवारी कळलं. शुक्रवारी सांगितलं."

मुलानं सांगितलं. नीट सांगितलं, कारण म्हाताऱ्याचा चेहरा माझ्या समोर बदलला. त्यानं डाव्या हाताच्या बोटांवर दिवस मोजले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मग उजवा हात वर करून पंजा आखडायचा प्रयत्न केला, तार मारायला आखडतात तसा. दोन बोटं वळली, बाकीची नाही वळली. तो मला दाखवत होता की स्वतः बघत होता, मला सांगता येणार नाही.

तो काहीतरी बोलला.

"म्हणतोय, दोन दिवस का?"

"सांग, भीती वाटली."

मुलगा सांगेना. मग त्यानं सांगितलं, आणि माझ्या दोन शब्दांपेक्षा खूप जास्त बोलला. बोलताना एकदा त्यानं स्वतःच्या छातीला हात लावला. म्हाताऱ्यानं दोघांकडेही बघितलं, मान हलवली आणि बर्फातून सावकाश आपल्या घराकडे गेला. मला भाऊ म्हणाला नाही.

दार लावल्यावर मी विचारलं, "तू काय सांगितलंस एवढं?"

"तुझंच सांगितलं," मुलगा म्हणाला. "आणि माझं. मी तर शुक्रवारीही सांगितलं नसतं, हे सांगितलं."